फिल्टर मुळात संथच होता

आजचा भाग एका माशामुळे झालाय. मासा निळा, करंगळीपेक्षा थोडा मोठा, जात फायटर. मुक्काम आमच्या चिखलीच्या घरी, माझ्या लॅपटॉपच्या शेजारी, 25 लिटरच्या काचेच्या टाकीत. घरून काम करताना कोणीतरी सोबत असावं म्हणून आणला होता. मीटिंगमध्ये मी म्यूटवर असतो, हा कायमचाच म्यूटवर.

टाकीबरोबर दुकानदाराने फिल्टर दिला. छोटा, पाण्यात बुडवून काचेला चिकटवायचा, आत स्पंज, वर मोटर. बॉक्सवर लिहिलं होतं, तासाला 300 लिटर. मी खुश. जास्त आकडा म्हणजे चांगली वस्तू, हे आपलं मोबाईलच्या कॅमेऱ्यापासून चालत आलेलं गणित. टाकी 25 लिटरची, म्हणजे सगळं पाणी तासातून 12 वेळा गाळून निघणार. दर पाच मिनिटांनी नवं कोरं पाणी!

तिसऱ्या दिवशी आजी खुर्ची ओढून टाकीसमोर बसली. बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "अरे बाबू, त्याले कायले पयवू राह्यला दिवसभर? दमला ना तो."

मग मी पहिल्यांदा नीट पाहिलं. फिल्टरच्या तोंडातून पाण्याचा झोत सुटायचा, समोरच्या काचेवर आपटायचा आणि पूर्ण टाकीत गोल फिरायचा. मासा त्या झोताविरुद्ध पोहत होता. थांबला की मागे ढकलला जायचा, त्याचे मोठे पंख वाऱ्यात छत्री उलटी व्हावी तसे व्हायचे. शेवटी तो फिल्टरच्या मागच्या फटीत जाऊन बसला. मला वाटलं होतं की मासा लाजाळू आहे.

आमच्या घरी मासे नवीन नाहीत. नळ रोज येत नाही, त्यामुळे अंगणात सिमेंटचा हौद आहे. त्यात आजीच्या सांगण्याप्रमाणे कितीतरी वर्षांपासून गप्पी मासे आहेत. आरोग्य खात्याच्या लोकांनी डासांच्या अळ्या खायला सोडलेले. फिल्टर नाही, पंप नाही, कोणी खायलाही घालत नाही, तरी पिढ्यान् पिढ्या मजेत. म्हणून आजीचा पुढचा प्रश्न सरळ होता: "मंग बंद कर ना ते मशीन."

मी केलं बंद. रात्री बंद, दिवसा कॉल असला की बंद, म्हणजे जवळजवळ कायमच बंद. मासा दोन दिवस खुश दिसला. पाचव्या दिवशी सकाळी टाकीला वास येत होता, पाणी धुरकट झालेलं आणि तो तळाशी पडून होता, कल्ले भरभर हलत होते. अमोनिया तपासायचं किट आणलं तर पाणी पिवळं राहायच्या ऐवजी हिरवंगार झालं. म्हणजे विष. लोडशेडिंग आपल्याला जे करतं, ते मी स्वतःच्या हाताने त्याला केलं होतं. अर्धं पाणी बदललं, फिल्टर लावला, झोत परत सुरू. आता मासा जगणार होता, पण पळत पळत.

हौदात चालतं ते टाकीत का चालत नाही? हौद हजार लिटरचा, त्याच्या भिंतींना शेवाळ आणि गप्पी टीचभर. घाण कमी, पाणी भरपूर. इकडे 25 लिटर आणि रोज दाणे टाकणारा हौशी मालक. म्हणजे फिल्टर तर हवाच, जोर मात्र नको. मग या वस्तूला एवढा जोर आला कुठून, हे शोधायला बसलो. बग आला की आपण जुने कमिट उघडतो, तसंच. आणि सापडलं असं की फिल्टर जन्माला आला तेव्हा तो जगातली सगळ्यात संथ वस्तू होता.

सुरुवात 1804 पासून करू. स्कॉटलंडमध्ये पेस्ली नावाचं गाव. तिथे जॉन गिब या माणसाचा कापड धुऊन पांढरं करायचा कारखाना होता. नदीचं पाणी गढूळ, त्यामुळे कापड खराब व्हायचं. त्याने खडी आणि वाळूच्या थरांतून पाणी गाळलं आणि उरलेलं गावात विकलं. पुढे 1829 मध्ये जेम्स सिम्प्सनने लंडनच्या चेल्सी वॉटर वर्क्ससाठी वाळूचा मोठा गाळणहौद बांधला. पद्धत साधी: वाळूच्या जाड थरावर पाणी सोडायचं आणि ते आपापल्या वजनाने खाली झिरपू द्यायचं. या प्रकारच्या गाळणीत पाणी तासाला साधारण 10 ते 20 सेंटिमीटर उतरतं. तासाला एक वीत! त्या काळच्या लोकांना वाटायचं, वाळू म्हणजे बारीक चाळणी, माती अडकते, विषय संपला.

विषय संपला नव्हता, हे 1892 मध्ये दिसलं. जर्मनीत एल्बे नदीवर हॅम्बर्ग आणि त्याला लागूनच अल्टोना. हॅम्बर्ग नदीचं पाणी न गाळता नळाला सोडायचं. अल्टोना प्रवाहाच्या खालच्या अंगाला, म्हणजे हॅम्बर्गचं सांडपाणी मिसळलेलं पाणी घ्यायचं, पण वाळूतून सावकाश गाळून. त्या वर्षी कॉलरा आला. हॅम्बर्गमध्ये 8000 हून जास्त माणसं गेली. अल्टोना बरंचसं वाचलं. दोन्ही शहरांच्या सीमेवर असे रस्ते होते की एका बाजूला हॅम्बर्गचा नळ, दुसऱ्या बाजूला अल्टोनाचा. रोग नळ बघून घरात शिरत होता. रॉबर्ट कॉखने याचा अभ्यास केला आणि गाळणीची ताकद जगाला पटली. जास्त घाण पाणी पिणारं शहर वाचलं, कारण त्याने घाई केली नाही.

पण आमच्या टाकीचं खरं उत्तर याच्या 15 वर्षं आधी पॅरिसमध्ये मिळालं होतं. 1877 मध्ये श्लोसिंग आणि म्यूंत्झ या दोघांनी एक काचेची नळी घेतली, तिच्यात वाळू आणि थोडा चुनखडक भरला आणि वरून सांडपाणी थेंब थेंब सोडलं. पाण्याला नळी पार करायला आठ दिवस लागायचे. पहिले वीस दिवस काहीच झालं नाही. जसा अमोनिया वरून जायचा तसाच खालून यायचा. मग अचानक खालच्या पाण्यात नायट्रेट यायला लागलं आणि अमोनिया गायब. आता वाळू तर तीच होती. नुसत्या रसायनाचं काम असतं तर पहिल्या दिवसापासून झालं असतं, मग वीस दिवस कशाला? त्यांनी नळीत क्लोरोफॉर्म सोडलं. काम बंद पडलं. म्हणजे आत कोणीतरी जिवंत होतं. पुढे 1890 च्या आसपास विनोग्राडस्कीने ते जिवाणू वेगळे काढून दाखवले.

हा प्रयोग मी लॅपटॉपवर वाचत होतो आणि शेजारी मासा झोताशी झुंजत होता. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला: फिल्टर म्हणजे मोटर नाही. फिल्टर म्हणजे स्पंजमध्ये राहणारे ते जिवाणू. त्यांना दोन गोष्टी लागतात, अमोनिया आणि ऑक्सिजन, आणि दोन्ही आणून द्यायला पाणी वाहतं ठेवावं लागतं. मोटर नुसती हमाल आहे. मी मोटर बंद केली तेव्हा त्या डबीतल्या लाखो जिवांचा श्वास कोंडला आणि माशाच्या वाट्याला विष आलं. नवीन टाकीत "आधी महिनाभर पाणी फिरू दे, मग मासा टाक" असं जुने शौकीन सांगतात ना, ते श्लोसिंगच्या नळीचे वीस दिवसच आहेत. मी अर्थातच त्याच संध्याकाळी मासा टाकला होता.

मग जोर कधी घुसला? सुरुवातीच्या काचेच्या टाक्यांत तर मोटर सोडा, फिल्टरही नव्हता. 1850 मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या लंडनच्या रसायनशास्त्रज्ञाने एक प्रयोग छापला: एका काचपात्रात दोन छोटे गोल्डफिश, व्हॅलिसनेरिया ही पाणवनस्पती आणि सडलेली पानं खायला गोगलगायी. वनस्पती ऑक्सिजन देणार, मासे घाण करणार, ती वनस्पती खाणार, सगळं एकमेकांत भागणार. म्हणजे आमचा हौदच, फक्त काचेचा. 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडलं, पुढच्याच वर्षी फिलिप गॉसचं पुस्तक आलं आणि इंग्लंडमध्ये घरोघरी टाक्यांचं वेड लागलं. बऱ्याच जणांच्या टाक्या सडल्या. तिथेही हौशी मालकच होते.

मोठ्या सार्वजनिक मत्स्यालयांना हे समतोलाचं गणित पुरेना. तिथे विल्यम लॉइड हा माणूस आला. हॅम्बर्गमध्ये 1864 ला आणि लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये 1871 ला त्याने पाणी फिरवायची व्यवस्था बसवली: खाली अंधारात मोठा हौद, वर दाखवायच्या टाक्या, पंपाने पाणी सतत वर आणि परत खाली. समुद्री जीवांना ते मानवलं. आपल्याकडे मुंबईत मरीन ड्राइव्हला तारापोरवाला मत्स्यालय 1951 मध्ये सुरू झालं, राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते. तिथेही अशा फिरत्या पाण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मग वीज घरोघरी आली, हवेच्या पंपावर चालणारे स्पंजचे आणि डबीचे फिल्टर आले, 1960 च्या दशकात जर्मनीच्या एहाइमने टाकीबाहेर ठेवायचे बंद डब्याचे फिल्टर बाजारात आणले. मोटर लहान, स्वस्त आणि ताकदवान होत गेली. बॉक्सवर काय छापायचं? जिवाणू किती ते छापता येत नाही. लिटर छापता येतात. मग लिटरची स्पर्धा सुरू झाली आणि शेवटी ती माझ्या 25 लिटरमध्ये येऊन पोचली.

आता माशाची बाजू. फायटर मूळचा थायलंडकडचा. भातशेतं, डबकी, दलदल. गुडघाभर पाणी, दाट गवत, प्रवाह जवळजवळ नाहीच. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतल्या थिओडोर कँटर या डॅनिश डॉक्टरने 1849 मध्ये याचं वर्णन छापलं, आणि आज चालतं ते बेट्टा स्प्लेंडेन्स हे नाव 1910 मध्ये रेगनने दिलं. 2019 मध्ये थायलंडने त्याला राष्ट्रीय जलचर जाहीर केलं. याच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर एक घड्यांचा अवयव असतो, त्यामुळे तो पृष्ठभागावर येऊन हवेतला श्वास घेतो. आपल्याकडची मरळ बघा, नाला आटला तरी चिखलात तग धरते, तिचीही वर येऊन हवा घ्यायची सोय असते. म्हणजे "जोरात पाणी फिरलं की ऑक्सिजन जास्त" हा फायदा फायटरला फारसा लागतच नाही. वर त्याचे लांब पंख माणसाने वाढवून वाढवून केलेले, रानातल्या फायटरचे पंख आखूड असतात. आपण आधी त्याला शेरवानी घातली आणि मग ट्रेडमिलवर उभं केलं.

आणि सगळ्यांनाच संथ पाणी लागतं असं नाही हं. डोंगरातल्या ओढ्यांत दगडाला चिकटून राहणारे मासे आहेत, त्यांना असाच झोत हवा. दोष मोटरचा नाही, जोडी चुकली होती.

आता उपाय. इथे मला सहावीची सहल आठवली. बुलढाणा जिल्ह्यातल्या शाळांच्या सहली ठरलेल्या: एक लोणार, एक वेरूळ, आणि वेरूळला गेलं की संभाजीनगरची पाणचक्की. तेव्हाचं औरंगाबाद. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातली ही चक्की सतराव्या शतकाचा शेवट ते अठराव्याचा पूर्वार्ध या काळात उभी राहिली. हर्सूलच्या बाजूच्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून जमिनीखालून आणलंय. ते एका उंच भिंतीवर चढवलंय आणि वरून खाली सोडलंय. त्याच्या जोरावर दगडी जातं फिरायचं आणि फकिरांसाठी, प्रवाशांसाठी पीठ दळलं जायचं. सहलीत आम्ही सगळे त्या पडणाऱ्या पाण्याकडे बघत होतो. पण माशांना खायला टाकायला मात्र सगळे शेजारच्या मोठ्या हौदापाशी. तो हौद लांबरुंद, पाणी आरशासारखं, आणि त्याचा तळ म्हणजे खालच्या दालनाचं छप्पर आहे.

तेच पाणी. पलीकडे दगड फिरवतंय, अलीकडे त्यात मासे निवांत. बांधणाऱ्याने पाणी कमी केलं नाही, त्याला पसरायला जागा दिली. लोणारलाही तेच. गोमुखातून बारमाही धार पडते ती थेट विवरात सोडलेली नाही, आधी कुंडात पडते. धारेखाली डोकं धरलं की मार बसतो, आणि कुंडाच्या दुसऱ्या टोकाला आजीबाई निवांत पाय सोडून बसलेल्या असतात. धरणाच्या सांडव्याखाली पाण्याचा जोर मारायला कुंड बांधतात, तेही याच घराण्यातलं. पुण्याजवळ खडकवासल्याला, 1916 साली सुरू झालेल्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्थेत, अशा सांडव्यांच्या छोट्या प्रतिकृती बनवून तपासतात.

आकड्यात बघू, बीटेकचे पैसे वसूल व्हायला हवेत. तासाला 300 लिटर म्हणजे सेकंदाला साधारण 83 मिलिलिटर. माझ्या फिल्टरचं तोंड आतून 12 मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ 1.13 चौरस सेंटिमीटर. भागाकार केला की वेग येतो सेकंदाला 74 सेंटिमीटर. चेल्सीच्या वाळूत पाणी तासाभरात जेवढं उतरायचं, तेवढं अंतर हा झोत सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात कापतो! गंमत म्हणजे डबीच्या आत, स्पंजमधून, पाणी त्या मानाने बरंच सावकाश जातं, कारण स्पंज रुंद आहे. जिवाणूंना त्रास नाही. सगळी मस्ती शेवटच्या अरुंद तोंडाशी. म्हणजे तोंडाबाहेर काहीही केलं तरी गाळायचं काम बिघडणार नव्हतं.

पहिला प्रयत्न: तोंड मागच्या काचेकडे वळवलं. फरक पडला, पण थोडा. झोत काचेवर फुटून वरच्या वर गोल फिरायला लागला.

दुसरा प्रयत्न फसला आणि तो सांगायलाच हवा, कारण बरेच जण हेच करतात. प्लास्टिकच्या नळीला भोकं पाडून ती तोंडाला जोडायची, म्हणजे पाणी वाटलं जातं. मी 2 मिलिमीटरची 10 भोकं पाडली. सुरू केलं तर दहा पिचकाऱ्या! मासा परत फटीत. कारण साधं: दहा भोकांचं मिळून क्षेत्रफळ 0.31 चौरस सेंटिमीटर, मूळ तोंडाच्या साडेतीन पट कमी. अंगणात पाणी मारताना नळीच्या तोंडावर आपण अंगठा दाबतो, तेच मी दहा ठिकाणी केलं होतं. भोकांची बेरीज मूळ तोंडापेक्षा मोठी हवी. 4 मिलिमीटरची 20 पाडली असती तर अडीच चौरस सेंटिमीटर झालं असतं आणि वेग निम्म्याखाली आला असता.

तिसरा प्रयत्न पाणचक्कीचा. एक लिटरची पाण्याची बाटली, बुडाकडचा भाग कापून टाकला, गळा फिल्टरच्या तोंडावर घट्ट बसवला, आणि आत जाडसर छिद्रांचा स्पंज सैल भरला. बाटलीचा व्यास 8 सेंटिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ साधारण 50. तेच 83 मिलिलिटर आता 50 चौरस सेंटिमीटरमधून बाहेर पडतं: सेकंदाला पावणेदोन सेंटिमीटरपेक्षाही कमी. वेग 44 पट कमी झाला. आणि पाण्याचा धक्का वेगाच्या वर्गाने बदलतो, म्हणजे तेवढ्याच पाण्यातली गतीची ऊर्जा सुमारे 2000 पट कमी. प्रत्यक्षात पाणी सगळीकडून सारखं येत नाही, मधून जरा जास्त येतं, त्यामुळे आकडा कागदावरचा समजा. पण मागच्या काचेजवळ टाकलेला दाणा आता भिरभिरत नाही, सावकाश खाली बसतो. दिसायला मात्र अगदीच जुगाड. आईने "टाकीत कचरा का ठेवलाय" असं दोनदा विचारलंय.

दोन गोष्टी सांभाळायच्या. पाणी आत ओढायच्या जाळीवरही स्पंजची टोपी घाला, नाहीतर लांब पंख तिकडे ओढले जातात. आणि हे स्पंज चोंदतात, महिन्यातून एक-दोनदा पिळावे लागतात, ते टाकीतून काढलेल्या पाण्यातच. नळाखाली धरले की क्लोरीनने ते वीस दिवसांचे पाहुणे मरतात आणि तुम्ही परत 1877 च्या पहिल्या दिवशी. काढलेलं पाणी आमच्याकडे फेकत नाहीत, आजीच्या तुळशीला आणि कढीपत्त्याला जातं.

बाटली लावून आज सहा आठवडे झाले. अमोनियाची तपासणी पिवळीच राहते. गेल्या रविवारी सकाळी बाटलीच्या मागच्या कोपऱ्यात, पाण्याच्या पृष्ठभागावर, फेसाचा एक रुपयाएवढा ठिपका दिसला. मला वाटलं, परत पाणी बिघडलं. किट काढायला उठलो तर आजी म्हणाली, "थांब, पाय आधी." मासा वर यायचा, तोंडात हवा घ्यायचा, एक बुडबुडा त्या ठिपक्याला चिकटवायचा आणि परत खाली. नर फायटर अंडी ठेवायला असं बुडबुड्यांचं घरटं बांधतो. प्रवाहात ते टिकत नाही, लगेच मोडतं. दुपारपर्यंत ते पाच रुपयांच्या नाण्यापेक्षा मोठं झालं होतं. आता आजी विचारतेय, बायको कधी आणायची. तिला मी सांगितलंय की फायटरची मादी कायमची एका टाकीत ठेवता येत नाही, मारामारी होते. ती म्हणाली, मग घर कायले बांधू राह्यला.

पुढचा भाग लोणारच्या धारेपाशीच रेकॉर्ड करायचा विचार आहे, पाण्याचा आवाज मागे चालेल ना तुम्हाला? कळवा.